काचेतलं पाणी

तेहेतीस वर्षं मी शाळेत कॉप्या पकडल्या. मोज्यातल्या, पट्टीच्या मागे चिकटवलेल्या, वेणीच्या रिबिनीत गुंडाळलेल्या. माझ्या नजरेतून सुटेल अशी कॉपी अजून भंडारा जिल्ह्यात जन्मली नाही, असं मीच सांगत फिरायची. आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर, नागपूरच्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना नाक लावून मीच एका उमेदवाराला उत्तर पुरवलं. त्याने मागितलं नव्हतं. उलट, बोलू नका म्हणून आदल्या दिवशी बजावलं होतं. तरी मी दिलं. शिक्षा मला झाली नाही, त्याला झाली.

हा माझ्या तरुणपणचा मूर्खपणा. तेव्हा मी फक्त एकसष्ट वर्षांची होते. गुडघे शाबूत होते आणि अक्कल पेन्शनच्या कागदांबरोबर कुठल्या तरी फायलीत अडकली होती. आता सत्तरीच्या उंबऱ्यावरून त्या बाईकडे पाहते, तेव्हा वाटतं, हिला कान धरून वर्गाबाहेर उभी करावी आणि घंटा होईपर्यंत आत घेऊ नये.

त्या उमेदवाराचं नाव रुपचंद.

आमचं गाव अड्याळच्या अलीकडे. रस्त्याला लागून राइस मिल आहे, उसना तांदूळ काढणारी. उसन्यासाठी धान आधी वाफेवर शिजवायचं, मग वाळवायचं आणि मग भरडायचं. त्या वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरसाठी रुपचंद. बावीस वर्षं. या बावीस वर्षांत शेठचा मुलगा शेठ झाला, धानाच्या जाती बदलल्या, मिलचा रंग तीनदा बदलला. बॉयलरपुढचा माणूस तेवढा तोच राहिला.

तो माझ्या घराच्या मागच्या अंगाला राहायचा. कुंपण दोघांत एकच. त्याच्या बायकोचा, सुगंधाचा, शेवगा माझ्या अंगणात झुकलेला असायचा आणि माझी न मागितलेली मतं तिच्या अंगणात. रुपचंद अंगाने काटकुळा. भट्टीच्या झळीने भुवया जवळजवळ नाहीशाच झालेल्या, त्यामुळे चेहरा कायम थोडा आश्चर्यात पडल्यासारखा दिसायचा. खांद्यावर एक हिरवा फडका. तो विहारात वंदनेला गेला तरी फडका खांद्यावर, लग्नाच्या पंगतीत बसला तरी फडका खांद्यावर. सुगंधा म्हणायची, "मास्तरीनबाई, याहीचं लगन माझ्याशी नाई, त्या फडक्याशी लागलं हाय."

त्याची एक सवय मात्र मला सुरुवातीला फार छळायची. त्याला काहीही विचारा, तो आधी मान डावीकडे कलती करायचा. कुठून तरी काही ऐकू येतंय अशी. हात मागे बांधायचा. चार-पाच श्वास जायचे. मग उत्तर.

"रुपचंद, चहा घेतो काय गा?"

मान कलती. हात मागे. अंगणात चिमण्या दाणे टिपून उडून जायच्या.

"हो जी, बाई."

चहा घ्यायचा की नाही, यावर एवढा विचार! पहिल्या वर्षी मी ठरवलं, माणूस बहिरा आहे. दुसऱ्या वर्षी ठरवलं, मंद आहे. मास्तरकीत माणसाचा निकाल पहिल्या आठवड्यात लावून टाकायची सवय लागते आणि तो निकाल आपण पुन्हा तपासायला घेत नाही. माझा निकाल चुकल्याचं मला एका सकाळी कळलं. तो माझ्या ओसरीवर चहा पीत बसला होता. मिल तिथून धानाच्या दोन बांध्या पलीकडे, तिचा आवाज आम्हाला चोवीस तास येतो, म्हणजेच सवयीने आता ऐकू येत नाही. अर्धा कप झाला आणि त्याची मान कलली. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

"पंप सुका वाजून राहिला," तो म्हणाला आणि चपला हातात घेऊन बांधावरून पळाला.

तासाभराने आला. विहिरीतलं शेवाळ पंपाच्या जाळीत अडकलं होतं. कपात राहिलेला गार चहा उचलला. मी म्हटलं, "ठेव तो, दुसरा करते." त्याने मान कलती केली, थांबला आणि म्हणाला, "नाई जी. हाच माझा होता." आणि संपवला.

त्यानंतर एकदा मी कोंडा आणायला मिलवर गेले, तेव्हा त्याने मला त्याचा बॉयलर दाखवला. लेकाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा. एवढं मोठं लोखंडी धूड, आणि त्याच्या पोटाला दोन विती लांबीची काचेची नळी. नळीत अर्ध्यापर्यंत पाणी. खांद्यावरचा फडका या काचेसाठी होता, हे मला तेव्हा कळलं. बोलता बोलता तो ती पुसत होता.

"सारा बॉयलर येवढ्याशा काचीत दिसते, बाई. पानी अर्ध्यावर असलं का आपुन निवांत."

"आणि दिसलंच नाही तर?" मी विचारलं. शिक्षिकेला उगाच खोच काढायची सवय.

मान कलली. हात मागे गेले.

"तं पयले असेच हात मागं. पानी सोडाचं नाई. आतलं लोखंड तापून लाल झालं असते, त्याच्यावर थंडं पानी पडलं का मंग मील बी नाई अन् मी बी नाई. आग कमी कराची. भट्टीत कोंडा टाकनं बंद, पंखा बंद. आग उतरू द्याची. मंग पुढचं." थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "मानूस भेला का त्याचा हात पयले पान्याकडेच जाते जी. तेवढा हात आवरता आला का झालं. बाकी सारं शिकता येते."

मला वाटलं, छान बोलतो. लक्षात ठेवावं असं मात्र वाटलं नाही.

रुपचंदचं दुसरं रूप धानाची कापणी संपली की दिसायचं. आमच्याकडे कापणीनंतर नाटकांचा हंगाम. गावोगाव मंडप पडतात, माणसं बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकलींनी येतात. रुपचंद गावच्या मंडळात बापाची कामं करायचा. कडक बाप, चुकलेला बाप, पश्चात्ताप झालेला बाप. त्याला मूल नव्हतं, पण मंचावर त्याने अर्ध्या तालुक्याच्या पोरी सासरी पाठवल्या. घरात ज्याचा आवाज चुलीच्या पलीकडे जात नसे, तो मंडपाच्या शेवटच्या रांगेला हलवायचा.

"एवढ्या लोकांत भेव नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"भेव कायचं? प्रॉम्प्टर असते ना बाजूले. थो काई बोलत नाई. पन हाय, येवढं कडलं का पुरे."

एका नाटकात बापाला पळून गेलेल्या मुलीचं पत्र येतं. बाप ते वाचतो, घडी करतो, खिशात ठेवतो आणि काहीच बोलत नाही. रुपचंद तिथे इतका थांबायचा की बायकांचे पदर डोळ्यांना जायचे. एका वर्षी प्रॉम्प्टर नवा होता. त्याला वाटलं, गडी विसरला. त्याने वाक्य फेकलं आणि ते चौथ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मंडप हसला. रुपचंदने तेच वाक्य म्हटलं, प्रवेश पुरा केला आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चांगला झापला असशील त्याला." तर म्हणे, "नाई जी. भेला थो, बिचारा."

हेही मी ऐकलं आणि विसरले. ऐकून विसरण्यात मी पहिल्यापासून पहिल्या नंबरात.

मग मिलमध्ये तपासणी झाली. बॉयलर ठीक होता, काच लख्ख होती, नोंदवही नीट होती. पण बॉयलर चालवणाऱ्याजवळ परवाना नव्हता. त्याची परीक्षा असते, आधी लेखी, मग नागपूरला साहेबांपुढे तोंडी. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने रुपचंदला बोलावून सांगितलं, "एक वर्ष घे. परवाना काढ. नाही तर मला परवानावाला माणूस आणावा लागेल, माझा इलाज नाही." फॉर्मही त्यानेच भरून दिला.

रुपचंद पहिल्यांदा गेला तेव्हा एकटा गेला. लेखी निघाली. तोंडीत नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, सेफ्टी व्हॉल्व्ह कशाला असतो? ज्या माणसाने बावीस वर्षं रोज त्या व्हॉल्व्हला हात लावला, त्याला त्याचं नावसुद्धा आठवेना. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. मग "ठीक आहे, या" म्हणाले.

"दोन दिवस जेवले नाई, मास्तरीनबाई," सुगंधाने कुंपणापाशी सांगितलं. "भट्टीत हात घालनारा मानूस हा, अन् टेबलाच्या मांगं बसलेल्या मानसाले भेते."

इथे मी शिरले. कुणी बोलावलं नव्हतं. निवृत्तीनंतर तीन वर्षं मला शिकवायला कुणी सापडलं नव्हतं, आणि इथे एक धडधडीत नापास विद्यार्थी कुंपणापलीकडे बसला होता. मी वेळापत्रक केलं. भिंतीवर तक्ता लावला. सेफ्टी व्हॉल्व्ह लाल शाईत, पाणी चढवणारा फीड पंप निळ्या शाईत. परीक्षेची भीती कशी घालवावी, हे नातीने मला मोबाइलवर काढून दिलं आणि मी जन्मभर तेच करत आल्यासारखी त्याला शिकवू लागले. चार आकडे मोजून श्वास आत, सात आकडे धरून ठेव, आठ आकडे मोजून बाहेर. दुसऱ्या दिवशी त्याला भोवळ आली. विहारात एक भंतेजी आले होते, त्यांनी नुसता श्वास पाहायला सांगितला. तो पाहून आला आणि मला म्हणाला, "श्वास पाह्यलो तं मले भट्टीचा पंखा आठवते, बाई. बरं वाटते." मी म्हटलं, पंखा परीक्षेत येणार नाही.

मग खोटी परीक्षा. माझं जेवणाचं टेबल, पलीकडे मधोमध मी, शिक्षक दिनाची साडी नेसून, चष्मा नाकावर. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला सुगंधा. तिला साहेब केलं होतं.

"नाव काय जी तुमचं?" सुगंधाने साहेबी आवाजात विचारलं.

"तुले मायीत नाई काय?"

"आमाले सारं मायीत हाय. घरी भाजी आनून ठेवली काय, थे सांगा पयले."

तो हसला. सुगंधा तर टेबलावर डोकं टेकून हसली. मी दोघांना दटावलं. परीक्षा म्हणजे काय थट्टा आहे? आज वाटतं, त्या दोघांना तसंच हसू दिलं असतं, तर तो त्या हसण्यावर पास झाला असता. पण मला शिस्त हवी होती. मी प्रश्न विचारायची, त्याची मान कलायची, हात मागे जायचे आणि मी टेबलावर पेन्सिल आपटायची. "लवकर! साहेब असे थांबत नाहीत!"

एकदा तो म्हणाला, "बाई, एक सांगू काय? सवाल आला का माझ्या काचीतलं पानी दिसेनासं होते. मंग मी आधी आतली आग कमी करतो. जरासा वेळ लागते. मंग येते."

किती साधं सांगितलं होतं त्याने. मी म्हटलं, "ते तुझं काचेचं राहू दे. चार, सात, आठ म्हण."

या ठिकाणी माझी एक खोड सांगून टाकते, नाही तर पुढचं कळायचं नाही. मला शांतता सोसत नाही. वर्गात प्रश्न विचारला की मी मनात पाचपर्यंत मोजायची, आणि पाच झाले की उत्तर स्वतःच सांगून मोकळी. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, पोरांना तोंड उघडायला जागा तरी ठेवा." मी समजायची, माझा विषय वेळेत पुरा होतो म्हणून जळतात. खरं कारण जुनं आहे. डी.एड.च्या पाठ परीक्षेत, विशीतली मी, दोन वेण्या आणि शंभर टक्के अहंकार, फळ्यासमोर उभी राहिले आणि सगळं विसरले. मागच्या बाकावर परीक्षक. चाळीस मुलं माझ्याकडे पाहत होती. ती शांतता जेवढी लांबली, तेवढी मी आतून बारीक होत गेले. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने कुजबुजून मला धड्याचं नाव सांगितलं आणि मी सुटले. त्या दिवसापासून मी शांततेला घाबरते. दुसऱ्याच्या शांततेलाही.

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी रुपचंद अंगणात आला. जेवला नव्हता, ते दिसत होतं.

"बाई, तुमी येता काय माझ्यासंगं? मंचावर कसा प्रॉम्प्टर असते, तसं. भायेर बसाल. तुमी हाय, येवढं मले कडलं पायजे."

मला काय वाटलं असेल! तेहेतीस वर्षांत असं बोलावणं कुणी केलं नव्हतं.

"येते ना. खिडकीपाशीच बसते."

त्याने मान कलती केली. थांबला. "पन बोलाचं नाई हं, बाई. काईबी झालं तरी."

"मी कायले बोलू गा? मी काय पागल आहे?"

अड्याळहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूरची बस. जवाहरनगरच्या फाट्यावर फॅक्टरीतली काही माणसं चढली, गळ्यात ओळखपत्रं. रुपचंद त्यांच्याकडे पाहत राहिला. "यायच्यापाशी सगळ्यायपाशी कार्ड हाय," तो हळूच म्हणाला. मग फडका खांद्यावरून काढला, घडी केला आणि पिशवीत ठेवला. साहेबांपुढे बरं दिसत नाही म्हणून. तो फडका त्याच्या खांद्यावर असायला हवा होता. पण तेव्हा मीच म्हटलं, "शाब्बास. नीट दिसायला पाहिजे."

व्हरांड्यात लाकडी बाक होतं, खिडकीच्या अगदी खाली. खिडकी उघडी. आत टेबल, टेबलामागे तीन साहेब, समोर एक खुर्ची. रुपचंद आत गेला. जाताना एकदा खिडकीकडे पाहिलं. मी मान हलवली.

नाव. गाव. किती वर्षं काम करता? सगळं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. सेफ्टी व्हॉल्व्हचं विचारलं, तेही सांगितलं. थोडं थांबून, पण सांगितलं. माझा पदर घामाने भिजला होता. मग मधल्या साहेबांनी विचारलं, आणि मला आठवतं, ते अगदी मायेने विचारत होते, "बॉयलर चालू आहे, आणि काचेत पाणी दिसत नाही. सगळ्यात आधी काय कराल?"

हा तर त्याचा प्रश्न! जन्माचा! मी बाकावरून जवळजवळ उठले.

रुपचंदची मान डावीकडे, खिडकीकडे कलली. हात खुर्चीच्या मागे गेले. आणि तो थांबला.

एक. दोन. तीन. डाव्या बाजूच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. चार. मला फळा दिसला, चाळीस मुलं दिसली, माझ्या दोन वेण्या दिसल्या. पाच.

"आधी आग बंद कर, रुपचंद! पाणी सोडू नको!"

मला वाटलं, मी कुजबुजले. तेहेतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज तो. कुजबुजायचं मी कधी शिकलेच नव्हते.

आत सगळे खिडकीकडे वळले. रुपचंद वळला नाही. तो तसाच बसून राहिला, हात मागे.

मी आत धावले. चूक माझी आहे, त्याने मागितलं नाही, त्याला सगळं येतं, पुन्हा विचारा. मधले साहेब उठून उभे राहिले, माझ्या वयाकडे पाहून. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही शिक्षिका होता का?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा. आता यांनी काहीही उत्तर दिलं, तर ते यांचं की तुमचं, हे मी कसं ठरवू?"

तेहेतीस वर्षं मी पोरांना हेच म्हणत आले होते. शब्दही हेच. पहिल्या बाकावरची कुठलीच मुलगी कुजबुजली नाही.

त्यांनी फॉर्मवर शेरा लिहिला. रुपचंद उठला, "येतो सायेब" म्हणाला आणि बाहेर आला. परतीच्या बसमध्ये तो एकच वाक्य बोलला. "तुमाले बसमंदी मळमळते ना बाई, तुमी खिडकीजोळ बसा." मी बसले. रस्ताभर बाहेर बघत राहिले, कारण आत बघायला तोंड नव्हतं.

वर्ष संपलं. शेठने परवानावाला माणूस आणला. बाहेरगावचा, चाळिशीचा, चांगला माणूस. त्याच्यावर राग धरावा, एवढीही सोय नव्हती. रुपचंदला वाळवणाच्या अंगणावर ठेवलं, उसनं धान पसरायला आणि ओढायला. नवा माणूस बॉयलर समजून घ्यायला त्याच्याकडे दोनदा आला. रुपचंद म्हणाला, "मले परवाना नाई जी. मी कसा सांगू?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं. आपल्याला जे येतं ते आपल्याला येत नाही, हे त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून पटवून दिलं होतं. त्यात माझा वाटा सगळ्यात मोठा.

त्या वर्षी कापणीनंतर मंडळाचे लोक तालमीला बोलवायला आले. तो गेला नाही. पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत. बापाची कामं दुसरा करू लागला. तो पत्राच्या प्रवेशात थांबत नाही, पत्र घडी करता करताच वाक्य म्हणून टाकतो.

तिसऱ्यांदा फॉर्म सुगंधाने भरायला लावला. मला सांगितलं नाही, आणि बरोबर केलं. परीक्षेच्या दिवशी तो सकाळी निघाला आणि दुपारी दोनला परत आला. नागपूरला जाऊन दोनपर्यंत परत येता येत नाही. सुगंधा कुंपणापाशी आली. पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलताना शेवग्याच्या झाडाकडे पाहत होती.

"भंडाऱ्याच्या स्टँडवर बसून होते म्हनते. तीन बसा गेल्या नागपूरच्या. एकाबी बशीत पाय ठेवला नाई." मग म्हणाली, "आता नका शिकवू त्याहीले काई."

मी काही शिकवलं नाही. माफीही मागितली नाही. रोज म्हणायची, उद्या जाते. कुंपण तेवढंच होतं, मीच तिकडे फिरकेनाशी झाले. तो संध्याकाळी अंगणात बसायचा. मिलचा आवाज बदलला की त्याची मान कलायची, हात मागे जायचे, आणि मग तो स्वतःच मान सरळ करायचा. हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची. खिडक्यांशी माझं नातं एवढंच उरलं.

अडीच वर्षांनी ते घर बंद करून निघाले. सुगंधाच्या भावाने नागपूरला एका नव्या इमारतीत चौकीदारी पाहून ठेवली होती. इमारतीत अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं. रिकाम्या घरांच्या फाटकावर बसायचं, एवढंच काम. त्या सकाळी मी अड्याळच्या स्टँडवर गेले. का, ते मलाही माहीत नव्हतं. शेवग्याच्या शेंगा नेल्या होत्या, त्यांच्याच झाडाच्या.

सुगंधा बसमध्ये चढून जागा धरून बसली होती. रुपचंद खाली उभा, दोन पिशव्या आणि एक पत्र्याची पेटी. भुवया उगवून आल्या होत्या. बावीस वर्षांनी पहिल्यांदाच भट्टीपासून एवढा लांब राहिला, म्हणून. आता तो आश्चर्यात पडल्यासारखा दिसत नव्हता. दुसराच कुणी माणूस दिसत होता. खांदा रिकामा होता. बोलता बोलता त्याचा हात दोनदा खांद्याकडे गेला आणि काही न सापडून खाली आला.

"रुपचंद," मी म्हटलं, "एक विचारू काय गा? त्या दिवशी तुले उत्तर येत होतं काय?"

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. रुपचंदने पेटी उचलून पायरीवर ठेवली. मान डावीकडे कलती केली. हात मागे गेले. या वेळी मी मोजलं नाही. बोलले नाही. कंडक्टर ओरडत होता, तरी बोलले नाही. मग तो वर चढला, दाराच्या दांड्याला धरून माझ्याकडे वळला आणि म्हणाला,

"आग कमी करून राह्यलो होतो जी, बाई. तुमी पानी सोडलं."